ब्रश कटर, अकरा महिन्यांनंतर: दोनदा रुसलं, दोन्ही वेळा कारण वेगळं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे, दीड एकर, सगळं उताराचं. काजूची बी खाली पडली की वेचायची असते. मोसमाआधी झाडाखालचं रान साफ केलं नाही तर निम्म्या बिया गवतातच राहतात. कोयता मारणारी माणसं आता शोधून मिळत नाहीत, म्हणून गेल्या ऑक्टोबरात वाळपईहून ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडपं कापायचं पेट्रोलवरचं मशीन, आणलं. 52 सीसी, टू-स्ट्रोक, खांद्याला अडकवायचं, साडेअकरा हजार. कंपनी सांगत बसत नाही. अशीच मशीनं वेगवेगळे स्टिकर लावून सगळीकडे मिळतात, आणि जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

कापण्याबद्दल तक्रार नाही. तीन दात्यांचं पातं रानमोडीची झुडपं मुळापासून उडवतं, घराभोवतीच्या गवताला नायलॉनची दोरी पुरते. एक लिटर पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात तासभर काम होतं. हाताला मुंग्या मात्र अर्ध्या तासातच येतात. दीड एकराला मला चार सकाळी लागल्या.

खरी कथा सुरू होण्याची आहे. म्हणजे सुरू न होण्याची.

जानेवारीत शेवटची साफसफाई केली आणि मशीन मांगरात (भाटातल्या खोपटात) टेकवून ठेवलं, टाकी अर्धी भरलेली. पुढे मे संपेपर्यंत बिया आणि बोंडू (काजूची फळं) यातच दिवस गेले. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर अंगणात गवत आलं म्हणून मशीन काढलं. चोक लावला, पंपाचा रबरी फुगा सात-आठ वेळा दाबला, दोरी ओढली. काही नाही. चाळीस वेळा तरी ओढली असेन. दुसऱ्या दिवशी खांदा वर होईना.

मग मी केलं ते चुकीचं. थेट शहरात एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग घातला, सहाशे रुपये घेतले. तिथे सुरू झालं, घरी आणलं तर परत तेच. आता कळतं, त्याने स्वतःच्या बाटलीतलं पेट्रोल वरच्या वर देऊन चालवून दाखवलं होतं. टाकीला त्याने हातच लावला नव्हता.

शेवटी शेजारच्या वाड्यावरचे एक मेस्त, म्हणजे कारागीर, आले. त्यांनी दोरीला हातही लावला नाही. आधी प्लग काढून पाहिला, ओला होता. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही: मग टाकीतली गाळणी, नळी, फुगा, कार्बोरेटर हे पाहायचं. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाही: मग ठिणगी, हवा, नाहीतर पेट्रोलच खराब. त्यांनी प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू सिलिंडरला टेकवली (टाकीपासून लांब, सावलीत) आणि मला दोरी ओढायला सांगितली. निळी ठिणगी टचकन पडली. म्हणजे ठिणगी आहे.

मग त्यांनी टाकी काचेच्या बाटलीत रिकामी केली आणि बाटली उन्हात धरली. वर टू-टी ऑइलचा (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलात मिसळायचं तेल) हिरवट रंग आलेलं पेट्रोल आणि खाली बोटभर उंचीचा गढूळ, बिनरंगी थर. मधली रेघ अगदी स्पष्ट. म्हणाले, "तें पयलें उडय." म्हणजे ते आधी फेकून दे.

कारण साधं आहे. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे दारूतलंच अल्कोहोल, असतं, आणि इथेनॉल पाण्याला जवळ करतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण एका मर्यादेनंतर पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली जाऊन बसतं. माझ्या टाकीच्या झाकणाचा वायसर चिरलेला होता आणि मांगराचं कौल नेमकं वरच गळत होतं. टाकीतली गाळणी वजनाने तळाशी पडून असते, त्यामुळे इंजिनाला जात होता तो खालचाच थर. वाईट म्हणजे ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. चुकून चार मिनिटं चाललं असतं तर बिनतेलाचं पिस्टन सिलिंडरला घासलं असतं. बायको बाटली बघून म्हणाली, "फेणीच्या घरात मशीनलासुद्धा पाजलंस?"

टाकी धुतली, वायसर आणि गाळणी बदलली, ताजं मिश्रण घातलं (माझ्या मशीनला लिटरला 40 मिली ऑइल). चौथ्या ओढीला सुरू.

तेव्हापासून काम संपलं की टाकी रिकामी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्येही फारसं काही राहत नाही. मिश्रण पंधरा दिवसांपुरतंच करतो.

एवढं करून चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी परत बंद! पेट्रोल कालचं, ठिणगी मस्त, प्लग ओला. एकदा फट् करायचं आणि गप्प. इंजिन पेट्रोल पिऊन तुंबलंय असं वाटलं म्हणून प्लग काढून, चोक उघडा ठेवून दहा वेळा दोरी ओढली, सुकवलं. फरक नाही. हवेची गाळणी काढून पाहिली, स्वच्छ. मग आठवलं, धूर बाहेर कुठून जातो ते पाहिलंच नाही. सायलेन्सरचे दोन बोल्ट ढिले करून दोरी ओढली, तर कानठळ्या बसवत पहिल्याच ओढीला सुरू.

सायलेन्सरच्या भोकात वाळलेली लाल माती होती. वरून गुळगुळीत, अंगठ्याने लिंपल्यासारखी. खिळ्याने टोकरली तर आत बारीक हिरव्या अळ्या, मेलेल्या नव्हेत, सुस्त, एकीवर एक रचलेल्या. कुंभारीण, मातीचं घर बांधणारी माशी! पिल्लांची शिदोरी भरून दार लिंपून गेली होती. मशीन पडवीत तीन आठवडे टांगलेलं होतं, तिला तेवढं पुरलं. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

गुण द्यायचे तर इंजिनाला चांगले, रबराला वाईट. फुगा आठव्या महिन्यात चिरला, पेट्रोलची नळी कडक झाली. दोन्ही मिळून दीडशेचं काम, पण अकरा महिन्यांत व्हायला नको होतं. कार्बोरेटरवरचे दोन स्क्रू मी अजून फिरवले नाहीत आणि फिरवणारही नाही. सोबत मिळालेला खांद्याचा पट्टा तर फेकून द्या, चांगला घ्या.

सायलेन्सरच्या भोकात आता फडक्याचा बोळा घालून ठेवतो. मुद्दाम लाल फडकं, चालू करताना दिसावं म्हणून. परवा तरी तो काढायला विसरलोच, आणि दहा मिनिटं प्लग तपासत बसलो.