मर्सर की मिडलसेक्स: आई-बाबा राहायला येणार असतील तर

मध्य न्यू जर्सीत घर शोधणाऱ्यांना शाळांचे क्रमांक, प्रॉपर्टी टॅक्स आणि न्यूयॉर्कच्या गाडीच्या वेळा तोंडपाठ असतात. त्यावर मी लिहीत नाही. आम्ही मर्सर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच) वेस्ट विंडसरला दोन वर्षं भाड्यानं राहिलो, मग मिडलसेक्स काउंटीत एडिसनला घर घेतलं. दोन्ही घरी आई-बाबा सहा-सहा महिने राहून गेले. गावाकडून आलेल्या माणसाला ‘हे आमच्याकडचं’ म्हणून दाखवावं असं कुठे काय आहे, आणि त्यानं आमचा निर्णय कसा फिरवला, एवढंच सांगतो.

मर्सरचा इतिहास मोठा आहे, यात वाद नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून या किनाऱ्याला लागला आणि सकाळी त्यानं ट्रेंटन घेतलं. पाठोपाठ ३ जानेवारी १७७७ ला प्रिन्स्टनची लढाई झाली. तीत जबर जखमी होऊन मरण पावलेला जनरल ह्यू मर्सर, त्याचंच नाव १८३८ मध्ये या काउंटीला दिलं. १७८३ मध्ये काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, प्रिन्स्टनच्या कॉलेजातल्या नासाऊ हॉलमध्ये भरत होती, म्हणजे चारेक महिने हे गाव देशाची राजधानी होतं. आइन्स्टाइन १९३३ मध्ये इथे आले ते शेवटपर्यंत इथलेच झाले. त्यांचं मर्सर स्ट्रीटवरचं साधं पांढरं घर रस्त्यावरूनच बघायचं. आई तिथे दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली होती. आणि २०२३ पासून रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम आहेच, त्याची कोरीव दगडी कामं बघायला एक दिवस पुरत नाही.

मग आम्ही तिथून का निघालो? बाबांच्या बुटांमुळे.

बाबा वीज बोर्डातून निवृत्त झालेले. सांगली जिल्ह्यात उभी हयात खांब आणि डीपी बघत पायी आणि सायकलवर गेलेली. वेस्ट विंडसरच्या आमच्या कॉलनीत आत चालायला छान वाट होती, पण ती गोल फिरून पुन्हा आमच्याच दाराशी यायची. कॉलनीबाहेरच्या रस्त्याला फुटपाथच नव्हता. पहिल्याच आठवड्यात ते दूध आणायला म्हणून निघाले आणि गवताच्या कडेनं चालत तासाभरानं चिखलानं माखलेले बूट घेऊन परत आले. एका गाडीवाल्यानं जोरात हॉर्न दिला, म्हणून दचकून चरात उतरले होते. मला म्हणाले, “काही नाही रे, जरा पाय घसरला.” त्यानंतर ते एकटे बाहेर पडले नाहीत. शनिवारची वाट बघायचे. नासाऊ हॉल, रणभूमी, मंदिर, सगळं पाहिलं, पण प्रत्येक वेळी माझ्या गाडीतून, माझ्या सवडीनं. आठवड्याचे पाच दिवस खिडकीशी बसलेले बाबा मला अजून दिसतात. कदाचित आमची कॉलनीच तशी असेल. मर्सरमध्ये चालण्याजोग्या जागा नाहीत असं मी म्हणणार नाही, खुद्द प्रिन्स्टन गाव चालायला सुंदर आहे. फक्त तिथली घरं आमच्या आवाक्यातली नव्हती.

एडिसनचं घर रूट २७ पासून जवळ आहे. दुसऱ्या मुक्कामात बाबा तिसऱ्याच दिवशी एकटे पायी मेन्लो पार्कच्या मनोऱ्यापर्यंत जाऊन आले. थॉमस एडिसननं १८७६ मध्ये इथे प्रयोगशाळा मांडली. १८७७ मध्ये इथेच फोनोग्राफ बोलला, १८७९ मध्ये टिकणारा दिवा जळला, आणि त्याच वर्षअखेरीला क्रिस्टी स्ट्रीटवरच्या विजेच्या दिव्यांचा उजेड बघायला लोक लोटले. खरं सांगायचं तर मूळ प्रयोगशाळा आता इथे नाही. हेन्री फोर्डनं तिचे उरलेसुरले अवशेष मिशिगनला नेऊन ती तिथे पुन्हा उभारली. राहिलंय ते छोटंसं संग्रहालय, तेही आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं, आणि डोक्यावर काचेचा प्रचंड बल्ब घेतलेला १९३८ चा मनोरा. नासाऊ हॉलपुढे हे फार थोडं वाटेल. पण ज्या माणसानं वाड्यावस्त्यांवर पहिला दिवा लागताना पोरांचे चेहरे पाहिलेत, त्याला ते थोडं वाटलं नाही. बाबा आठवड्यातून चारदा तिथे जायचे. येताना कुणाशी तरी ओळख करून यायचे, कधी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून मेथीची जुडी आणायचे.

मिडलसेक्सचे बाकीचे मान असेच, माणसाच्या उंचीचे आहेत. ३१ मार्च १८७० ला पर्थ अम्बॉयमध्ये थॉमस मुंडी पीटरसन या शाळेतल्या सेवकानं मत दिलं. वर्णावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही असं सांगणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीखाली मतदान करणारा तो पहिला कृष्णवर्णीय नागरिक. रटगर्स विद्यापीठाच्या मार्टिन हॉलच्या तळघरात १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध सापडलं. त्याबद्दल तिथले प्राध्यापक वॅक्समन यांना १९५२ चं नोबेल मिळालं, ते शोधून काढणारा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ मात्र मागे राहिला. माझ्या थोरल्या आत्याचा क्षय मिरजेला याच इंजेक्शनांनी बरा झाला. बाबांना मी ती इमारत दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना दोघांचा सामाईक आहे. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकला रटगर्सनं प्रिन्स्टनला ६–४ असं हरवलं, आठवड्यानं प्रिन्स्टननं ८–० अशी परतफेड केली.

मिडलसेक्समध्ये त्रास नाही असं नाही. रूट १ संध्याकाळी जीव खातो आणि शनिवारी ओक ट्री रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही. शांतता आणि झाडी हवी असेल, घरात सगळे गाडी चालवणारे असतील, तर मर्सर तुम्हाला जास्त मानवेल असं मला वाटतं. अधलंमधलं हवं असेल तर प्लेन्सबरो बघा, काउंटी मिडलसेक्स आणि शाळा वेस्ट विंडसरबरोबरच्या. आई-बाबा येणार असतील, तर घर बघताना एजंटला थांबायला सांगा आणि दारापासून दुकानापर्यंत एकदा पायी जाऊन या.

बाबा मार्चमध्ये पुन्हा येताहेत. ३१ तारखेला पर्थ अम्बॉयला जायचं, आणि या वेळी बसनं, असं त्यांनी फोनवरच सांगून ठेवलंय.