ब्रेड मशीन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ब्रेड मशीन घेण्याचा विचार करणाऱ्यांनी यंत्राच्या आधी ग्रॅमचा वजनकाटा घ्यावा, असे मी अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवते. यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेत सारी मापे कपात दिलेली असतात आणि एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर सव्वाशे ग्रॅमच्या आत, दाबून भरला तर दीडशेच्या घरात जातो. तीन कपांच्या ब्रेडमध्ये हा फरक पाऊण वाटीपर्यंत पोहोचतो, आणि पाणी तेवढेच राहिल्याने एका आठवड्यात उत्तम झालेला ब्रेड पुढच्या आठवड्यात घट्ट गोळा होऊन बाहेर येतो. माझे पहिले तीन ब्रेड असेच गेले. चौथ्यापासून वजनाने मोजू लागले आणि त्यानंतर एकही ब्रेड टाकून द्यावा लागला नाही.

पुण्यात आमच्या घरी चार माणसे आहेत आणि आठवड्याला साधारण दोन ब्रेड लागतात. ब्रेड घरी करावा हा विचार मनात होता तो २०१६ पासून. त्या वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील ब्रेड आणि पाव तपासले, ३८ पैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट ही पिठात मिसळली जाणारी, आरोग्याला घातक मानली जाणारी रसायने आढळल्याचे जाहीर केले, आणि त्यापाठोपाठ अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी घातली. बंदीनंतर ती काळजी बरीच कमी झाली, तरी ब्रेडच्या वेष्टनावरची घटकांची यादी वाचण्याची सवय लागली ती कायमची. यंत्र प्रत्यक्षात घरी आले ते मात्र गेल्या दिवाळीत, साडेआठ हजार रुपयांना.

हे यंत्र करते काय, ते आधी स्पष्ट असावे. एका भांड्यात तळाशी फिरणारे पाते पीठ मळते, मग मंद ऊब देऊन ते फुगू देते, फुगलेले पीठ एकदोनदा खाली बसवते आणि शेवटी त्याच भांड्यात भाजते. साध्या ब्रेडला सुमारे तीन तास आणि गव्हाच्या ब्रेडला साडेतीन ते पावणेचार तास लागतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ साली असे घरगुती यंत्र बाजारात आणले, तेव्हा सगळ्यांत अवघड ठरले होते ते मळणेच. इकुको तानाका या तेथील सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बाईंनी ओसाकाच्या एका हॉटेलातील मुख्य बेकरच्या हाताखाली काम करून पाहिले, तेव्हा तो पीठ मळताना ते ताणून पीळ देतो हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्या पिळासाठी भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवण्यात आल्या. आपल्या यंत्राच्या भांड्यात हात फिरवला की अशा कडा लागतात. त्या घासताना वैताग आणतात, पण त्या कशासाठी आहेत हे कळल्यापासून माझी तक्रार कमी झाली आहे.

पुस्तिकेतील पाककृती बहुधा परदेशी पिठावर बेतलेल्या असतात आणि खरी अडचण तिथेच आहे. तिकडे ब्रेडसाठी जे वेगळे पीठ मिळते त्यात प्रथिने जास्त असतात. आपला मैदा त्या मानाने सौम्य असल्याने तो तेवढे पाणी पेलत नाही, आणि पुस्तिकेबरहुकूम पाणी घातले की ब्रेड आधी टम्म फुगून मग मधोमध खचतो. माझ्याकडे आता स्थिर झालेले प्रमाण असे आहे: मैदा ४०० ग्रॅम, पाणी २५० मिलिलिटर, तेल किंवा लोणी २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. आधी पाणी, त्यात मीठ, साखर आणि तेल, त्यावर सगळा मैदा पसरून मधोमध छोटा खळगा करावा आणि यीस्ट त्या कोरड्या खळग्यात घालावे. काही यंत्रांत हा क्रम उलटा असतो, त्यामुळे एवढ्या एका बाबतीत पुस्तिकेचेच ऐकावे.

हे प्रमाण हिवाळ्याचे. एप्रिलमध्ये, स्वयंपाकघरात अडतीस अंशांच्या आसपास तापमान असताना, याच मापाचा ब्रेड झाकणाला जाऊन चिकटला, कारण यंत्रातले वेळापत्रक ठरलेले असते आणि बाहेर उन्हाळा आहे म्हणून ते फुगण्याची वेळ कमी करत नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात मी पाणी फ्रिजमधले घेते आणि यीस्ट तीन ग्रॅमवर आणते. रात्री साहित्य भरून सकाळी गरम ब्रेड मिळण्याची जी सोय जाहिरातीत दाखवतात, ती उन्हाळ्यात दूध किंवा अंडे घालून वापरू नये. पाणी आणि दुधाची भुकटी वापरली तर प्रश्न येत नाही.

यंत्र चालू केले की झाकण उघडायचे नाही, असा एक गैरसमज आहे. भाजणे सुरू झाल्यावर उघडू नये हे खरे, पण मळणे सुरू झाल्यानंतर दहाव्या मिनिटाला झाकण उघडून पाहिलेच पाहिजे. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट असावा, भांड्याच्या बाजू त्याने स्वतःच पुसून घेतलेल्या असाव्यात आणि बोट लावले तर किंचित चिकटून सुटावे. ठकठक आवाज करत गोळा आपटत असेल तर चमचाभर पाणी, तळाशी चिखल दिसत असेल तर चमचाभर मैदा, आणि मग दोन मिनिटे थांबून पुन्हा पाहणे. कणीक तिंबण्याची सवय असलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही, म्हणून आपल्याकडच्या गृहिणींना या यंत्राची भीती वाटण्याचे काही कारण मला दिसत नाही.

निव्वळ गव्हाचा ब्रेड हा मात्र वेगळा विषय आहे, आणि बहुतेक लोक यंत्र घेतात ते त्यासाठीच. गिरणीच्या जात्यात पीठ दळताना त्यातले स्टार्चचे कण भरडले जातात, त्यामुळे ते भरपूर पाणी धरते आणि पोळी मऊ राहते. परंतु कोंड्याचे बारीक तुकडे ग्लूटेनचे, म्हणजे फुगलेल्या पिठाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, धागे तोडत असल्याने हेच पीठ ब्रेडमध्ये उंच चढत नाही. आमच्याकडच्या लोकवन गव्हाच्या ४०० ग्रॅम पिठाला जवळजवळ ३०० मिलिलिटर पाणी लागते आणि एवढे करूनही ब्रेड मैद्याच्या ब्रेडच्या दोन तृतीयांश उंचीचा होतो. पंधरावीस ग्रॅम ग्लूटेन पावडर मिसळली तर तो बराच सुधारतो. खपली गव्हाचा करून पाहिला. चव सुरेख, पण तो ब्रेड नव्हे, जाड केकच म्हणावा. निम्मा मैदा, निम्मे गव्हाचे पीठ आणि २७५ मिलिलिटर पाणी ही तडजोड घरात सर्वांना मान्य झाली आहे.

आता दोष. पाते ब्रेडच्या बुडाशी अडकून राहते आणि ते काढताना मोठे भोक पडते. शेवटचे मळणे आटोपल्यावर, साधारण दीड तास उरला असता, ओल्या हाताने गोळा उचलून पाते काढून घेतले की भोक लहान होते, पण त्यासाठी घरात थांबावे लागते आणि मग स्वयंचलित यंत्राचा अर्थ काय, असा प्रश्न पडतो. वरची बाजू फिकट राहते, कारण उष्णता खालून आणि बाजूंनी येते. वीज गेली तर दहा मिनिटांपर्यंत यंत्र आपली जागा लक्षात ठेवते, त्यापुढे सगळे पुन्हा पहिल्यापासून. एकदा पंचवीस मिनिटे वीज गेली तेव्हा पीठ भांड्यातच फुगू देऊन नंतर फक्त भाजण्याचा प्रोग्रॅम लावला आणि ब्रेड वाचला. पाचव्या महिन्यात भांड्याच्या तळातून पाणी झिरपू लागले. कंपनीच्या सेवा केंद्राने हमीत नवे भांडे दिले खरे, पण तीन आठवडे आणि सात फोन यांनंतर.

प्रोग्रॅमच्या संख्येला भुलू नये. जॅम, दही, केक हे सारे घरात असलेल्या भांड्यांत अधिक सोपे होते, आणि चार माणसांच्या पोळ्यांची कणीक मळायला यंत्र काढून मग धुण्यापेक्षा परात बरी. त्यातला फक्त मळून फुगवण्याचा दीड तासाचा प्रोग्रॅम मात्र मला ब्रेडइतकाच महत्त्वाचा वाटू लागला आहे. वरच्याच प्रमाणाचे बारा गोळे चौकोनी डब्यात जवळजवळ लावून, पुन्हा फुगल्यावर वरून दूध लावून, ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर अठरावीस मिनिटे भाजले की लादी पाव तयार होतो. भट्टीच्या पावाची चव त्याला नाही आणि गोव्याच्या पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, पोळीची (तिकडच्या पोकळ पावाची) तर तुलनाही करू नये, पण मिसळीबरोबर तो कमी पडत नाही.

खर्चाचे पाहिले तर एका ब्रेडला साहित्याचे पस्तीसचाळीस रुपये आणि अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे पैशांची बचत होईल म्हणून हे यंत्र घेऊ नये. ब्रेड तिसऱ्या दिवशी कोरडा पडतो, चौथ्या दिवशी दमट हवेत बुरशी धरतो, आणि भांड्यातून लगेच काढून जाळीवर तासभर निवू दिला नाही तर बाजूंना घाम सुटून तो खाली बसतो. आठवड्यातून एकदाच ब्रेड खाणाऱ्या घरात साडेआठ हजारांची ही वस्तू दोन महिन्यांत माळ्यावर जाईल. ज्यांच्याकडे तो रोज लागतो, ज्यांना मीठ, साखर आणि पीठ स्वतःच्या हातात हवे आहे, त्यांनी जरूर घ्यावे. दुकानात मात्र प्रोग्रॅम मोजत न बसता दोनच गोष्टी विचाराव्यात: सुटे भांडे आणि पाते वेगळे विकत मिळते का, आणि ते मिळायला किती दिवस लागतात.