कागेयामांचं पुस्तक: आधी शिडी, मग बाकी सगळं

गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी प्रतिस्पर्ध्याला वेढण्याचा पटावरचा खेळ. त्यावरचं जपानी व्यावसायिक खेळाडू तोशिरो कागेयामांचं ‘लेसन्स इन द फंडामेंटल्स ऑफ गो’ अगदी नवख्यांसाठी नाही. 19×19 च्या पटावर 25-30 डाव झाल्यावर हाती घ्यावं. सुरुवात शिडी (सोंगटीला दर खेळीला पकडीची धमकी देत नागमोडी वाटेने कडेपर्यंत पळवणं) आणि जाळ्यापासून (थोडं दूरून वेढून तिची सुटका बंद करणं). सोपं वाटतं, पण घोळ इथेच होतो. शिडीच्या तिरक्या वाटेवर पळणाऱ्याची स्वतःची सोंगटी आधीच असेल, तर तो तिला जाऊन मिळतो आणि सुटतो. मग पाठलाग करणाऱ्याच्याच सोंगट्यांवर जागोजागी दुहेरी अतारी (एकाच खेळीत दोन ठिकाणी पकडीची धमकी) बसते. म्हणून पहिल्या खेळीआधीच शिडी मनातल्या मनात कडेपर्यंत वाचायची. कागेयामा दटावतात, पण मजेत. सरावाची कोडी मात्र कमी. जीवन-मरणाच्या प्रश्नांसाठी (वेढलेला गट जगतो की मरतो, याची कोडी) वेगळं पुस्तक लागेलच. आकृती आली की उत्तर झाका, पटावर काही न मांडता सोडवा.