जुनी तीन टनी मिनी पोकलेन: चौदा महिने वापरल्यावर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी बागकामाच्या धंद्यासाठी जुनी मिनी पोकलेन घेतली. किंमत ११ लाख ४० हजार, मीटरवर ४,१२० तास. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि पैठण रस्त्याच्या कामांवर ती १,०५० तास चालली. घेण्याआधी तीन मशिनी पाहिल्या, त्यातल्या दोन नाकारल्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाकारलेली एक आणि घेतलेली, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या होत्या. पहिली घेतली असती तर आज हप्ते आणि दुरुस्ती दोन्ही फेडत बसले असते. जुन्या मशीनवर कंपनीपेक्षा आधीच्या मालकाचा हात जास्त दिसतो.

आधी मापाचं सांगते, कारण बरेच जण तिथेच चुकतात. आमचं निम्मं काम बंगल्यांच्या बागांचं. छत्रपती संभाजीनगरातले बीड बायपास, सातारा परिसर, पडेगाव हे भाग. जेसीबी पुढच्या गेटातून आत येते, पण बाग असते मागे, आणि मागे जायची वाट म्हणजे घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली बोळ. अकरा वर्षं मी टेप घेऊन या बोळी मोजतेय. कुठे सहा फूट, कुठे साडेपाच, त्यातच पाण्याचा पाइप आणि ड्रेनेजचं चेंबर. माझ्या मशीनची रुंदी १.५५ मीटर, म्हणजे पाच फूट एक इंच. सहा फुटी बोळीत ती सहज जाते. साडेपाचात जायची तर ऑपरेटर जाणता हवा आणि पाइपवर आधी फळ्या टाकाव्या लागतात.

मग दोन टनीच का नाही घेतली? ती अजून अरुंद असते, छोट्या टेम्पोवर बसते आणि स्वस्तही पडते. मीही तोच विचार केला होता. म्हणून पडेगावच्या एका कामावर आठ दिवस दोन टनी भाड्यानं आणली. वरची काळी माती तिनं लोण्यासारखी काढली. पण आपल्याकडे हात-दीड हात खाली गेलं की मुरूम लागतो, आणि कडक मुरमात दात रुतले की माती सुटायच्या ऐवजी मशीनच पुढून उचलली जायची. ऑपरेटर दर वेळी थोडं थोडं खरवडत बसला. दोन दिवसांचं काम चार दिवसांवर गेलं. खोल मऊ मातीत ती मशीन उत्तम चालत असेल, मराठवाड्याच्या मुरमाला तीन टन वजन पाहिजे. त्याची किंमत वाहतुकीत मोजावी लागते. तीन टनी मशीन टाटा ४०७ टेम्पोवर कायद्यानं बसत नाही, आयशरचा ट्रक बोलवावा लागतो आणि प्रत्येक फेरीचे पैसे कोटेशनमध्ये धरावे लागतात.

पहिली मशीन जालन्याच्या एका यार्डात पाहिली. नवा कोरा रंग, मीटरवर १,८५० तास, मागणी साडेतेरा लाख. माझ्याबरोबर आमचे मिस्त्रीमामा होते. त्यांची हयात पोकलेनच्या सांध्यांतल्या पिना आणि तेलाचे होज बदलण्यात गेली आहे. त्यांनी मीटरकडे पाहिलंही नाही. बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, इंजिन गरम हाय." सकाळचे आठ वाजले होते. आम्ही पोचायच्या आधीच मशीन चालू करून ठेवली होती, म्हणजे इंजिन थंड असताना ती कशी उठते हे आम्हाला दिसू नये. मग त्यांनी बकेटच्या पिनेजवळ पहार घालून हलवली. करंगळी जाईल एवढी फट. पॅडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. १,८५० तासांत एवढी झीज होत नाही. मामा म्हणाले, "मीटर बदलायला काहीच लागत न्हाई. पिना-बुश बदलायला लई पैसे लागतेत, म्हणून ते कुणी बदलत न्हाई. मीटर सोडा, पिना बघा." परतीच्या वाटेवर मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

दुसरीबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. मशीन बरी वाटत होती, पण नंबरच्या पाटीचे रिव्हेट नवे होते, म्हणजे पाटी बदललेली असू शकते, आणि मूळ बिल "मिळवून देऊ" असं उत्तर आलं. मी पाहिलेल्या एकाही मशीनला आरसी नव्हती, त्यामुळे मूळ बिल, कर्ज फिटल्याचं फायनान्सचं पत्र आणि पाटीवरच्या नंबराशी जुळणारा इंजिनचा नंबर, एवढाच मालकीचा पुरावा. तो नसेल तर मशीन सोन्याची असली तरी घेऊ नये.

तिसरी लातूरजवळ एका ठेकेदाराकडे होती. गावांतल्या पाण्याच्या पाइपलाइनच्या चाऱ्या खोदायला त्यांनी ती वापरली होती. रंग उडालेला, सीट शिवलेली, पण ग्रीसच्या प्रत्येक निपलवर ताजं ग्रीस. आदल्या दिवशीच फोनवर विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका, आणि त्यांनी ती पाळली. दुसऱ्या चावीला इंजिन उठलं. आधी थोडा काळा धूर आला, मग निवळला. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून वाफेचा जोर नव्हता.

इथे आम्ही पाच तास काढले आणि मला वाटतं माझे पैसे त्या पाच तासांनीच वाचवले. सकाळी नऊ वाजता मोबाइलवर मोजलं, बकेट जमिनीवरून पूर्ण वर जायला तीन सेकंद लागले. नंतर मालकाच्याच शेतात चारी खोदत ती दुपारी दीडपर्यंत सलग चालवली. एप्रिलचं ऊन होतं, उभं राहवत नव्हतं. पण खरी परीक्षा तीच. हायड्रॉलिक तेल तापलं की पातळ होतं, आणि पंप किंवा व्हॉल्व्ह झिजलेला असेल तर ते पातळ तेल आतल्या आत निसटतं. सकाळी टुणटुणीत वाटणारी मशीन दुपारी मरगळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बागेची जमीन तयार करायची कामं पावसाच्या आधी, म्हणजे त्याच उन्हात असतात. सकाळच्या गारव्यात अर्धा तास चालवून इसार देणाऱ्यांना जूनमध्ये पंप उघडावा लागतो. आमची दीड वाजता साडेतीन सेकंदांत वर गेली. मामांनी मान हलवली.

त्यानंतर पुढचं पातं आणि बकेट जमिनीत दाबून आख्खी मशीन अधांतरी उचलली, इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं थांबलो. बोटभर खाली आली, ते चालण्यासारखं होतं. चुन्याची रेघ मारून दोन्ही लिव्हर एकदम पुढे ढकलले, पन्नास फुटांत मशीन रेघेवरच राहिली. ती एका बाजूला ओढली असती तर त्या बाजूची ट्रॅव्हल मोटर, म्हणजे ट्रॅक फिरवणारी मोटर, थकलेली समजायची. सिलिंडरच्या रॉडवरून मी स्वतः नख फिरवलं. एका रॉडवर बारीक चरा होता, पण सीलच्या फिरतीच्या बाहेर.

दोष सापडला तो भलतीकडे. मिनी पोकलेनचा बूम, म्हणजे बकेट धरणारा लांब हात, ज्या उभ्या पिनेवर डावीकडे-उजवीकडे वळतो, तिथे. मोठ्या पोकलेनला हा सांधाच नसतो, म्हणून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. भिंतीला लागून चारी खोदताना हाच सांधा सतत वापरला जातो, आणि ही मशीन तर सगळा वेळ चाऱ्याच खोदत होती. बूम लांब सोडून, बकेट वीतभर वर ठेवून आम्ही दोघांनी ती हातानं ढकलली, तर आडवी दोन बोटं हलली. मालकांनी ते मान्य केलं आणि बारा लाखांतले साठ हजार कमी केले. चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये बोअरिंग करून नवा बुश (पिनेभोवतीची नळी) बसवायला मला २८ हजार लागले. ते काम झाल्यावर मशीनचा हात एकदम स्थिर झाला, लेव्हलिंगमध्ये लगेच फरक दिसला.

आता कामाचं. झाडासाठी तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातल्या वाळलेल्या काळ्या मातीत दोन माणसं दिवसाला पाच-सहा काढायची. मशीन मुरमापर्यंत सात-आठ मिनिटांत एक खड्डा काढते. शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या आवारात कडुनिंब, बहावा आणि कांचन मिळून १८० खड्डे होते, ते तिनं चार दिवसांत केले. माणसं मात्र मी कमी केली नाहीत. तीच माणसं आता शेणखत भरणं, आळी करणं, ड्रिप जोडणं ही कामं नीट आणि वेळेत करतात, आणि मे महिन्यात पहारीनं खोदून कुणाच्या हाताला फोड येत नाहीत. मला याचं समाधान मशीनच्या कमाईइतकंच आहे.

बकेटा दोन ठेवल्या आहेत. एक फूटभर रुंदीची चारीसाठी, दुसरी बिनदाताची रुंद, लॉनची जमीन सारखी करायला. दुसरी नसेल तर लॉनच्या कामात मशीनचा निम्मा उपयोग वाया जातो. नवी मशीन बघायला गेलात तरी ही मागून घ्या. ब्रेकरची, म्हणजे खडक फोडायच्या हातोड्याची, लाइन माझ्या मशीनला आहे, पण खाली काळा पाषाण लागला की मी ब्रेकरवाल्याला बोलावते. रोज ब्रेकर चालवला तर वर सांगितलेल्या सगळ्या पिना पुन्हा ढिल्या होतील.

डिझेल तासाला पावणेतीन ते तीन लिटर. केबिन नाही, नुसतं छत. ऑपरेटर दादांसाठी मागे आणि डावीकडे शेडनेट बांधलं आणि दुपारी बारा ते साडेतीन काम बंद ठेवलं.

पावसाळा जड गेला. ओली काळी माती रबर ट्रॅकच्या आत दगडासारखी बसते. पहिल्या जुलैत दोनदा ट्रॅक उतरला, एकदा तर जालना रस्त्यावरच्या फार्महाउसवर भर पावसात. आता रोज संध्याकाळी फावड्यानं माती काढून पाणी मारल्याशिवाय कुणी घरी जात नाही. बंगल्याच्या फरशीवर रबराचे काळे डाग पडतात, त्यासाठी जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे गाडीत ठेवले आहेत. फोडलेल्या खडीवर मशीन जागेवर वळवायची नाही, रबर कापलं जातं. हे दादांना समजावायला मला महिना लागला.

वर्षाला चारशे तासांच्या आत काम असेल तर विकत घेऊ नका, भाड्यानंच आणा. माझं काम आठशेच्या वर गेलं म्हणून मी हिंमत केली.

डाव्या ट्रॅकमध्ये एका जागी आतली तार दिसायला लागली आहे. मामा म्हणतात दिवाळीपर्यंत चालेल. दोन्ही एकदमच बदलायचे ठरलंय, त्याचे पैसे मी वेगळे काढून ठेवलेत.