रिसॉर्टच्या कॉटेजसाठी पाण्याचा १५ मिमी मल्टिजेट मीटर घ्यावा का?

अलिबाग-मुरुडकडे बहुतेक रिसॉर्टवाले मुख्य लाइनवर एकच मोठा मीटर बसवतात. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले की त्यावरून एवढंच कळतं, की पाणी फार गेलं. कुठल्या खोलीत, ते नाही. त्यापेक्षा दर कॉटेजला १५ मिमीचा क्लास-बी (हा अचूकतेचा दर्जा) मल्टिजेट, म्हणजे आतलं चक्र पाण्याच्या अनेक धारांनी फिरणारा मीटर, बसवणं आमच्या मते फायद्याचं.

कारण बारीक गळती. २५ मिमी क्लास-बी मीटरचा किमान प्रवाह ताशी ७० लिटर. त्याखाली तो बरोबर मोजेल याचा भरवसा नाही. १५ मिमीचा हाच आकडा ३० लिटर. फ्लशच्या टाकीतलं रबर झिजून ताशी ४० लिटर झिरपत असेल तर दिवसाला ९६० लिटर जातात, आणि मोठा मीटर रात्रभर ढिम्म राहू शकतो. खोली रिकामी असताना सगळे नळ बंद करून डायलवरची लाल चांदणी पाहा. अगदी सावकाश का होईना, फिरतेय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मग फ्लशच्या टाकीत खायचा रंग घालून अर्धा तास थांबा. कमोडमध्ये रंग उतरला तर रबर बदला.

मीटर आडवा हवा, डायल वर, बाण प्रवाहाच्या दिशेने. उभ्या पाइपवर बसवून प्लंबर मोकळा होतो, पण तिथे आतलं चक्र एका बाजूला घासतं आणि रीडिंग कमी येतं. मीटरच्या जागी पाइपला खाली बाक द्या, म्हणजे तो कायम भरलेला राहतो. वरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की आधी हवा सुटते आणि चक्र हवेनेही पळतं. ‘रीडिंग फुगलंय’ ही तक्रार बहुधा त्यातलीच. विहिरीचं पाणी असेल तर मीटरच्या तोंडाची जाळी महिन्याला धुवा, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आठवड्याला.

खरी खोट दाबाची. मिनिटाला २५ लिटर वाहताना हा मीटर सुमारे अडीच मीटर उंचीएवढा दाब खाऊ शकतो. टाकी शॉवरपेक्षा तीनच मीटर वर असेल तर पाहुणे कुरकुरणारच. तिथे २० मिमीचा घ्या. किमान प्रवाह ताशी ५० लिटर, म्हणजे नजर जरा अधू, पण शॉवर चालेल. अशा लाइनवर नळाच्या तोंडाला बसणारे, पाणी वाचवणारे एरेटर मात्र लावू नका, नळाला नुसती करंगळीएवढी धार येते.

घेतल्यावर एकदा तपासा: नळ पूर्ण सोडून १०० किलो पाणी वजनकाट्यावर मोजून भरा. नव्या मीटरवर ९८ ते १०२ लिटर दिसायला हवेत, नाहीतर परत करा.