स्कॅनर की साबणाचे पाणी? सुपरचार्जरच्या गाडीतला मिसफायर शोधताना

सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत मिसफायर सुरू झाला, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट पेटेनासे होऊन गाडी झटके देऊ लागली, की आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारे यंत्र) विकत घ्यावा की इंटरकूलरच्या (ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्यांत हवा भरून गळती तपासावी, हा प्रश्न आमच्या वरुड-मोर्शीकडे जास्तच सतावतो, कारण अशा गाडीसाठी मला तरी अमरावती किंवा नागपूरच गाठावे लागते.

स्कॅनरचे मोल कमी नाही. पी ०३०२ हा कोड आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर बसवून कोड पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलचाच. इतके नेमके उत्तर दुसऱ्या पद्धतीने मिळत नाही.

मला मात्र पी ०३०० मिळाला, म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरकडे बोट न दाखवणारा कोड. तो पुसला की गाडी गावात निमूटपणे चालायची आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढू लागली की पुन्हा झटके द्यायची. त्या कोडाच्या भरवशावर मी आधी प्लग बदलले, मग चारही कॉइल बदलल्या, तरी दोष जागचा हलला नाही. खरा मनस्ताप झाला तो याच गोष्टीचा, कारण स्कॅनर प्रत्येक वेळी तेच लक्षण सांगत होता आणि खर्च मात्र वाढत होता.

अखेर शेतीच्या पाइपच्या दुकानातून दोन पीव्हीसी एंड कॅप आणल्या, एकीत ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवला, सुपरचार्जरपासून थ्रॉटलपर्यंतच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंतच्या) मार्गाची दोन्ही टोके बंद केली आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हळूहळू ८ पीएसआय हवा भरली. टायरसारखी ३० पीएसआय कदापि भरू नये, नळ्या निसटतात. साबणाचे पाणी टाकताच इंटरकूलरच्या खालच्या नळीवर, क्लिपच्या अगदी मागे, रबराच्या चिरेतून बारीक फेस येऊ लागला. अंगठा दाबून धरला की तो थांबायचा. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा घाटात दाब वाढला की तेथून निसटत होती, पेट्रोल मात्र पूर्ण मापाने पडत होते, म्हणून मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे, होऊन मिसफायर होत होता.

इंटरकूलरच्या पात्यांत कापसाचे तंतू अडकून बसतात, ती अडचण ओळखायला मात्र स्कॅनर बरा पडतो: धावत्या गाडीत आत जाणाऱ्या हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा फारच चढे राहिले, तर पाती साफ करावीत. प्रत्येकाची गाडी वेगळी असते, हे मान्य. तरी झटके फक्त चढावर येत असतील आणि कोड पी ०३०० असेल, तर कॉइल घेण्यापूर्वी नळ्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे, असे मला वाटते.