मूव्हर्सचा ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’: कोल्हापुरात पैसे देण्याआधी काय तपासाल

पॅकर्स-मूव्हर्सच्या कोटेशनमध्ये ‘ट्रान्झिट इन्शुरन्स ३ टक्के’ अशी ओळ असते. ४ लाखांच्या सामानावर १२ हजार झाले. ते द्यायचे की नाही, हे एका कागदावर ठरतं: विमा कंपनीचं सर्टिफिकेट. त्यावर तुमचं नाव, पॉलिसी नंबर आणि वस्तूंची किमतीसह यादी हवी. गाडी भरण्याआधी हे हातात पडत नसेल, तर ती रक्कम बहुधा मूव्हरनं स्वतःच लावलेलं जोखीम-शुल्क असतं. मग नुकसान मान्य करणारा आणि नाकारणारा एकच. असल्या ओळीला सरळ नकार द्या.

सर्टिफिकेट मिळालं तर कलम वाचा. आयटीसी म्हणजे इनलँड ट्रान्झिट क्लॉज, देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याचं कलम. त्यातलं आयटीसी-ए व्यापक आहे. आयटीसी-बी मध्ये आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं एवढंच येतं. चढ-उतार करताना फुटलेली काच त्यात नाही. आणि ‘ए’ असलं तरी उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. २०१९ आणि २०२१ सारखं पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं की ट्रक अडकतो. तेवढ्यात गादीला बुरशी धरली, तर ती तुमच्याच माथी. पावसाळ्यात गाद्या आणि पुस्तकं जाड प्लास्टिकमध्येच बांधून घ्या.

किंमत कमी दाखवून प्रीमियम वाचवू नका. ४ लाखांचं सामान २ लाखांचं दाखवलं, तर २० हजारांच्या नुकसानीला सहसा १० हजारच मिळतात.

शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या बोळात मोठा ट्रक शिरत नाही, सामान कोपऱ्यावर छोट्या टेम्पोत भरतात. आदळआपट इथेच होते. विमा दारापासून दारापर्यंत आहे ना आणि टेम्पोचा नंबरही कागदावर आहे ना, हे आधीच बघा.

क्लेम बुडतो तो मात्र सहीपाशी. ‘माल सुस्थितीत मिळाला’ यावर सही केलीत, की विमा कंपनीला वाहतूकदाराकडून वसुली करणं अवघड होतं आणि ती तुमचा क्लेम कापते. बिल्टीच्या (वाहतूकदाराच्या मालपावतीच्या) दोन्ही प्रतींवर ‘कपाटाचा उजवा दरवाजा चेपला, खोकं १४ ओलं’ असं लिहून मगच सही करा. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत खोकी टाकू नका. बाहेरून ओरखडा नसताना फ्रिज बंद पडला तर क्लेम नाकारतात, म्हणून चेपलेल्या खोक्याचाही फोटो हवा. काचसामान तुम्हीच भरलंत तर ‘अपुरं पॅकिंग’ हे कारण तयारच असतं.

विमा नसला तरी कॅरेज बाय रोड कायदा, २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्या. ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत आहे.